हिमालयन ४११ साठी बॅश प्लेटची निवड: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

जूनच्या अखेरीस मनालीहून ग्राम्फू, बातल आणि कुंझुम या मार्गाने स्पितीत उतरायचे ठरले आहे. त्याआधी गाडीच्या पोटाखालच्या संरक्षणाचा प्रश्न एकदाचा मार्गी लावायचा आहे. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ असून ती बीएस-६ नंतरची, म्हणजे कंपनीच्या आकड्यानुसार १९९ किलो वजनाची आणि २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्सची आहे. कंपनीने इंजिनाखाली दिलेला गार्ड टाकाऊ नाही. डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या बहुतेकांना तो पुरतो. परंतु तो आकाराने आटोपशीर आहे, इंजिनाच्या दोन्ही बाजू बऱ्याच उघड्या राहतात आणि बातलच्या अलीकडचा रस्ता म्हणजे अनेक ठिकाणी रस्ता नसून ओढ्याचे पात्रच असते.

बाजारात तयार बॅश प्लेटी, म्हणजे इंजिनाखाली दगडाचा मार झेलणाऱ्या ढाली, भरपूर मिळतात. त्यांच्या जाहिरातींत पत्र्याची जाडी ठळक अक्षरांत छापलेली असते आणि प्लेट नेमकी कशाला टेकते याविषयी मात्र अवाक्षर नसते. मला आधी हा दुसरा प्रश्न सोडवायचा आहे. दगडाचा मार प्लेटने अंगावर घेतल्यावर तो पुढे कुठे जातो, याचे उत्तर हाती आल्याशिवाय जाडी ठरवण्यात अर्थ नाही.

१४ जानेवारी

गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, मूळ गार्ड काढून, खालचा सगळा भाग रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ केला आणि नीट पाहून घेतला. या गाडीची फ्रेम ज्याला स्प्लिट क्रेडल म्हणतात त्या प्रकारची आहे. पुढून येणारी उभी नळी खाली दुभंगते आणि तिच्या दोन नळ्या इंजिनाच्या खालून मागे जातात. प्लेट निवडणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण इंजिनाखाली पोलादाच्या दोन मजबूत आडव्या नळ्या आयत्याच मिळतात आणि मार त्यांच्यावर नेऊन सोडता येतो. ज्या गाड्यांत इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग असते आणि खालून नळ्या जात नाहीत, तिथे प्लेटचे बोल्ट पुष्कळदा इंजिनाच्या ओतीव कवचातच घ्यावे लागतात. अशा गाडीला दणकट प्लेट लावली तर दगडाचा मार बोल्टवाटे थेट कवचाच्या कानांवर जातो, आणि तुटलेला कान हा फुटलेल्या संपपेक्षा (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भागापेक्षा) काही कमी खर्चाचा नसतो.

म्हणून पहिला निर्णय असा की प्लेट फक्त फ्रेमच्या नळ्यांवर टेकेल. इंजिनाला ती कुठेही शिवणार नाही, म्हणजे रबर किंवा फोम मध्ये घालूनसुद्धा नाही. काही तयार प्लेटींत आवाज कमी व्हावा म्हणून प्लेट आणि संप यांच्यामध्ये फोमचा जाड थर कोंबलेला असतो. तो थर दाबून घट्ट झाला की मार पुढे सरकवण्याचेच काम करतो, शिवाय पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो.

२१ जानेवारी

ओळखीच्या गॅरेजमध्ये एका दुसऱ्या गाडीचे इंजिन उघडलेले होते. मालकाने खास सांगून दाखवले म्हणून ते जवळून पाहता आले. खालच्या कवचावर, तेल काढायच्या ड्रेन बोल्टच्या पुढे, साधारण अंगठ्याच्या नखाएवढा एक पांढरट ठसा होता. खोलगट असा तो नव्हताच, बोट फिरवले तर जेमतेम जाणवेल इतकाच. त्या ठशाच्या कडेपासून मात्र केसाएवढी चीर निघून ड्रेन बोल्टच्या आट्यांपर्यंत गेली होती आणि तिच्या काठाने तेल आणि धूळ यांची काळी रेघ बसली होती. मिस्त्रींनी चिंधीने पुसले की ती नाहीशी होई आणि थोड्या वेळाने तेलाचा बारीक मणी त्याच जागी पुन्हा उभा राही.

ओतीव ॲल्युमिनियमचा हा स्वभाव समजून घेतला पाहिजे. इंजिनाच्या कवचांसाठी वापरले जाणारे डाय-कास्ट मिश्रधातू तुटण्यापूर्वी फार तर दोन-तीन टक्के ताणले जातात, तर पत्र्याच्या रूपातले ५०५२ या प्रतीचे ॲल्युमिनियम दहा टक्क्यांहून अधिक ताण सहन करते. पत्रा वाकतो, ओतीव कवच तडकते. त्यामुळे कवचाला लागणारा मार नुसता कमी करून भागणार नाही, तो तिथे पोहोचूच द्यायचा नाही, असे धोरण ठेवावे लागते.

४ फेब्रुवारी

दगड सगळीकडे सारखा नसतो आणि प्लेटवर त्याचे परिणामही सारखे नसतात. आपल्या सह्याद्रीत वेल्हे, पानशेत, मुळशी या पट्ट्यांत भेटतो तो बेसाल्ट. रस्त्याच्या कामासाठी फोडलेला असेल तर त्याला धारदार कोपरे असतात आणि प्लेटवर एकाच बिंदूवर मार बसतो. अशा ठिकाणी धातूची कठीणता आणि जाडी महत्त्वाची. कोकणातल्या सड्यांवरचा जांभा फारसा ठोसा मारत नाही, मात्र तो कानशीसारखा घासतो. प्लेटचा तळ आणि विशेषतः बोल्टची डोकी तो झिजवून टाकतो. आणि स्पितीकडच्या नाल्यांत असतात ते पाण्याने घासून गोल झालेले मोठे गोटे. पुढचे चाक त्यांच्यावरून गेले की गोटा उलटतो किंवा उडतो आणि प्लेटच्या तळाऐवजी तिच्या पुढच्या उभ्या भागावर, बेंड पाइपच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वळलेल्या पाइपच्या) समोर आदळतो.

या तिसऱ्या प्रकारामुळे पुढच्या भागाच्या उंचीचा विचार वेगळा करावा लागेल. हिमालयनचा बेंड पाइप इंजिनाच्या पुढून खाली उतरतो. गोट्याने तो चेपला तर गाडी बंद पडणार नाही, पण पोर्टजवळच्या जोडावर ताण येऊन गॅस्केट फुटू शकते आणि काझ्याच्या अलीकडे ते मिळण्याची आशा नाही.

११ फेब्रुवारी

आज धातूची आकडेमोड पुरी केली. पुठ्ठ्याच्या कच्च्या नमुन्यावरून उलगडलेल्या पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर धरले आहे.

साधे पोलाद, ३ मिमी: वजन ५.२ किलो. एसएस ३०४, अडीच मिमी: ४.४ किलो. ॲल्युमिनियम, ४ मिमी: २.४ किलो. यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन (एक चिवट, घसरडे प्लॅस्टिक), १० मिमी: २.१ किलो.

वजनापेक्षा मोलाची तुलना आहे ती वाकण्याची. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि कायमचा बाक येण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमचा ७०, म्हणजे समान जाडीत पोलाद जवळजवळ तिप्पट ताठ. परंतु ४ मिमी ॲल्युमिनियम अडीच मिमी पोलादापेक्षा ताठ ठरते आणि ३ मिमी पोलादाच्या जवळपास पोहोचते. कायमचा बाक कधी येईल हे पाहायचे तर ५०५२-एच३२ चा यील्ड (ज्या ताणाला कायमचा बाक सुरू होतो तो) सुमारे १९३ मेगापास्कल, साध्या ई२५० पोलादाचा २५० आणि एसएस ३०४ चा २०५ च्या आसपास. जाडीच्या वर्गाने गुणले की ४ मिमीचे ५०५२ हे ३ मिमी पोलादाच्याही पुढे जाते आणि अडीच मिमी स्टेनलेसच्या तर दुपटीहून अधिक भरते. ज्या स्टेनलेसच्या प्लेटी केवळ चकाकीमुळे दणकट वाटतात, त्यांच्याविषयीचा माझा उत्साह या एका गुणाकाराने मावळला.

पोलादाची बाजूही मांडली पाहिजे. टोकदार बेसाल्टने ॲल्युमिनियमवर खोल ओरखडा उठतो, पोलादावर तो उथळ राहतो. पोलादाची प्लेट वाकली तर कोणत्याही गावातला लोहार ती ठोकून सरळ करतो आणि तडकली तर साध्या आर्क वेल्डिंगने जोडतो, तर ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग आणि ते जाणणारा माणूस लागतो. दीर्घ प्रवासाला, महिनोन्महिने रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने पोलाद निवडले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. माझ्या प्रवासाचे स्वरूप तसे नाही.

यूएचएमडब्ल्यू हा पदार्थ मला मनापासून आवडतो. दगडावर तो अडकत नाही, सरकतो. तो गंजत नाही, वाजत नाही आणि मार बसल्यावर मूळ आकाराला परत येतो. एन्ड्युरो स्पर्धांच्या हलक्या गाड्यांवर अशा प्लॅस्टिकच्या प्लेटी उगाच नसतात. अडचण उष्णतेची आहे. तो साधारण १३० अंशांच्या पुढे वितळतो आणि त्याच्या बराच आधी, ८० अंशांच्या आसपासच, मऊ पडू लागतो.

१८ फेब्रुवारी

उष्णतेचा प्रश्न अंदाजावर सोडायला नको म्हणून मूळ गार्डवर मोजमाप घेतले. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर फसवे, खूप कमी आकडे दाखवतो, कारण अशा पृष्ठभागातून उष्णतेचे उत्सर्जन कमी होते. त्यासाठी गार्डच्या आतल्या बाजूला बेंड पाइपच्या समोर उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचे ठिपके दिले आणि त्यांच्यावरच माप घेतले. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवून लगेच थांबल्यावर, वारा बंद झाला की, पाइपच्या सर्वांत जवळच्या ठिपक्याचे तापमान वाढतच गेले आणि ९० अंश ओलांडून गेले. गाडी चालू असताना वारा प्लेटला थंड ठेवतो, खरी परीक्षा थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत होते.

संपूर्ण प्लेट पॉलिथिलीनची करण्याचा विचार येथे संपला. तळाच्या सपाट भागाखाली मात्र, पाइपपासून दूर, त्याच्या पट्ट्या झिजेसाठी लावता येतील.

२ मार्च

मार किती बसतो याचा हिशेब. गाडी १९९ किलो, मी आणि अंगावरचे साहित्य मिळून ८० आणि सामान २०, म्हणजे एकंदर ३०० किलो. पायरीसारख्या दगडावरून पुढचे चाक उतरले आणि गाडीचे पोट १० सेंमी उंचीवरून दगडावर बसले, आणि त्यातला निम्मा भार प्लेटवर आला असे धरले, तर सुमारे १५० ज्यूल ऊर्जा प्लेटला जिरवावी लागते. हा आकडा मोठा नाही. प्लेट किती अंतरात ती जिरवते, यावर सारे अवलंबून आहे. ५ मिमी अंतरात जिरवली तर सरासरी बल जवळपास ३ टनांचे होते. १५ मिमी अंतरात जिरवली तर तेच एका टनावर येते.

म्हणजे प्लेट वाकली पाहिजे, आणि तिला वाकायला जागा हवी. संपचा तळ आणि प्लेट यांच्यातली मोकळी जागा हा या रचनेचा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. तो मी किमान १५ मिमी ठरवला आहे. या जागेपायी ग्राउंड क्लिअरन्स थोडा कमी होईल, तो मी आनंदाने देतो.

भोसरीतल्या शेडमध्ये हे चित्र घेऊन गेलो होतो. तिथल्या काकांचे शीट मेटलमध्ये आयुष्य गेले आहे. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "चार एमएम कशाला साहेब, सहाची टाका. गोटा लागला तरी हलायची नाही."

"काका, हलली तर पाहिजेच. इंजिनाला लागायच्या आत थांबली म्हणजे झालं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्लेटच्या दोन्ही लांब कडा वर वळवलेल्या काढल्या. "मग कडा अशा उचला. मधे वाकेल, पण बाजू धरून राहतील." ही सूचना उत्तम आहे. उचललेल्या कडांमुळे पत्र्याला लांबीच्या दिशेने बळ येते, बाजूंनी येणाऱ्या दगडांपासून क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हर यांच्या खालच्या कडा झाकल्या जातात, आणि मधला भाग तरीही लवचीक राहतो. ड्रॉइंगमध्ये ती तशीच्या तशी घेतली.

९ मार्च

ॲल्युमिनियमची कोणती प्रत, ६०६१-टी६ की ५०५२-एच३२? कागदावर ६०६१ सरस आहे. त्याचा यील्ड सुमारे २७६ मेगापास्कल, म्हणजे ५०५२ पेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि कठीणताही अधिक. काकांकडे दोन्हींचे तुकडे शिल्लक होते, त्यामुळे बेंडिंग मशीनवर दोन्हींना सारखाच, आत ६ मिमी त्रिज्येचा काटकोन दिला.

डोळ्यांना दोन्ही तुकडे सारखेच दिसले. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या तपासणीसाठी, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा दाखवणारे डाय पेनिट्रंट होते. तुकडे स्वच्छ पुसून त्यांच्यावर लाल डाय फवारला, थांबून तो पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. ५०५२ चा बाहेरचा बाक पांढराच राहिला. ६०६१ च्या बाकावर मात्र, वळणाच्या रेषेला समांतर, एकापाठोपाठ एक बारीक लाल रेषा उमटू लागल्या. आधी फिकट, मग ठळक. या रेषा म्हणजे पुढे तडे जाण्याच्या तयार जागा. टी६ अवस्थेतल्या ६०६१ ला ४ मिमी जाडीत वळवायचे तर आतली त्रिज्या जाडीच्या किमान चौपट, शक्यतो त्याहून जास्त ठेवावी लागते. माझ्या प्लेटला पुढे इतका मोठा बाक दिला तर ती चाकाकडे सरकते. पत्रा कापून वेल्डने जोडावा तर वेल्डच्या आसपास टी६ चे बळ मोठ्या प्रमाणात उतरते, म्हणजे ज्यासाठी तो निवडला तेच हातचे जाते.

५०५२, ४ मिमी, हे आता पक्के. पत्रा कापताना रोलिंगची दिशा वळणाच्या मुख्य रेषेला आडवी राहील असे ड्रॉइंगवर लिहून ठेवले आहे.

१६ मार्च

पुठ्ठ्याचा शेवटचा नमुना गाडीवर बसवला. संप आणि पुठ्ठा यांच्यातले अंतर मोजण्यासाठी कणकेचे छोटे गोळे संपच्या सर्वांत खालच्या जागांवर चिकटवले, प्लेटच्या जागी ताठ प्लायवूड नळ्यांवर दाबून धरले आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजली. ड्रेन बोल्टच्या डोक्यापाशी अंतर कमी भरले. त्यासाठी नळ्या आणि प्लेट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे खाचेदार आधार घालायचे ठरले, म्हणजे सगळीकडे १५ मिमीच्या वर जागा मिळेल.

ड्रेन बोल्टसाठी भोक ठेवायचे की नाही, यावर बराच विचार केला. भोक असले तर प्लेट न काढता तेल बदलता येते. परंतु तेवढ्या भोकातून टोकदार दगड नेमका ड्रेन बोल्टलाच भेटू शकतो आणि बदलताना सांडलेले तेल प्लेटवर पसरते ते निराळेच. शिवाय प्लेट काढावी लागणे ही एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे. त्या निमित्ताने आत साचलेला चिखल निघतो आणि बोल्ट तपासले जातात. भोक ठेवणार नाही. त्याऐवजी मागची बाजू नळीवर अडकणाऱ्या आकड्यासारख्या पट्टीवर टेकेल आणि पुढचे बोल्ट काढले की प्लेट खाली झुकून सुटेल.

३० मार्च

आज फक्त बोल्टांचा विषय, कारण बहुतेक प्लेटी येथेच हरतात.

समोरून गोटा आदळला तर प्लेट मागे ढकलली जाते. ती केवळ बोल्टांनी धरलेली असेल तर सगळा मार बोल्टांवर कातरबलाच्या, म्हणजे त्यांना आडवे कापू पाहणाऱ्या बलाच्या, रूपाने येतो. ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट कातरबल बऱ्यापैकी सोसतो, अगदी दीड टनापर्यंत, पण तो ज्या पट्टीत बसवला आहे ती पट्टी आणि तिचे वेल्ड इतके सोसतीलच असे नाही. म्हणून पुढच्या बाकाच्या आत दोन नळ्यांच्या आकाराच्या खाचा असलेला आधार बसवला आहे, जेणेकरून मागे येणारी प्लेट थेट नळ्यांवर टेकेल आणि बोल्टांना फक्त प्लेट जागेवर ठेवण्याचे काम उरेल. फ्रेमवर कुठेही नवे वेल्डिंग करायचे नाही, हे मी सुरुवातीपासून ठरवले होते. वेल्डच्या शेजारी नळीचे बळ बदलते, आणि फ्रेम ही प्लेटसारखी दुसरी आणता येत नाही.

बोल्टची डोकी तळाखाली आली की जांभा ती घासून गोल करतो, मग पाना बसत नाही. तळाचे सगळे बोल्ट काउंटरसंक, म्हणजे डोके पत्र्यात बुडालेले, आहेत आणि पुढचे बोल्ट उभ्या भागात, दगडाच्या वाटेबाहेर घेतले आहेत. झिंक प्लेटिंगचे बोल्ट, नायलॉक नट, आणि ॲल्युमिनियमला टेकणाऱ्या जागी नायलॉनचे वॉशर. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियममध्ये उघडे बसवले तर कोकणच्या खाऱ्या हवेत बोल्ट तसाच राहतो आणि त्याच्या भोवतालचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. नळ्यांवरचे पावडर कोटिंग घासले जाऊ नये म्हणून आधारांखाली जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या.

१३ एप्रिल

कटिंग आणि बेंडिंग झाले. लेझरने कापलेल्या कडा हाताने गोल केल्या, कारण धारदार कड म्हणजे तड्याला आमंत्रण आणि धुताना बोटाला जखम. पुढच्या भागात वाऱ्यासाठी लांबट खाचा ठेवल्या आहेत. खाचेची रुंदी लहान ठेवली, कारण हे हवेवर थंड होणारे इंजिन आहे आणि त्याच्या पुढचा वारा पूर्ण अडवून चालणार नाही, पण रुंद खाचेतून आत गेलेली खडी बाहेरही पडत नाही. मागच्या सर्वांत खालच्या भागात पाणी आणि चिखल निघून जाण्यासाठी जागा आहे. मागची कड थोडी वर वळवली, नाहीतर उलट्या दिशेने गाडी ढकलताना ती दगडावर अडकते.

पावडर कोटिंग केले नाही. ते तळावर एका दिवसात निघून जाते आणि त्याखाली उठणारे बारीक तडे झाकते.

प्रत्यक्ष वजन आधार आणि बोल्टांसह अंदाजापेक्षा थोडे जास्त आले. ते सगळे चाकांच्या मध्ये आणि सर्वांत खाली असल्याने चालवताना जाणवत नाही.

२१ एप्रिल

पहिली बसवणी. एम८ बोल्ट २२ न्यूटन-मीटरवर घट्ट केले आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे सैल झालेला बोल्ट नजरेला कळेल. मधला स्टँड, साइड स्टँड आणि क्रॅश गार्ड यांपैकी कशालाही प्लेट लागत नाही.

सुमारे साडेतीन हजार आरपीएमला प्लेट बारीक गुणगुणते आणि इंजिनाच्या वरच्या भागाचा टकटकाट आता खालून परतून जास्त ऐकू येतो. ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्याचा हा गुणच आहे. मधल्या मोकळ्या भागावर आतून ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग पट्टी चिकटवली, पाइपपासून लांब. गुणगुण जवळजवळ गेली.

५ मे

राजापूरच्या बाजूच्या सड्यांवर प्लेट तपासली. गाडी कायम मळलेल्या गाडीवाटेवरच ठेवली. त्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, अनेक ठिकाणी खुणेचा दगडही नाही, आणि मोकळा कातळ दिसला म्हणून त्यावर चाक घालणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

वाटेतल्या जांभ्याच्या उंचवट्यांवर तळ मुद्दाम टेकवला. परत येऊन प्लेट काढली तेव्हा तळावर लांबीच्या दिशेने दाट ओरखडे होते, सर्वांत खोल ओरखडा नखाला लागेल एवढा. काउंटरसंक बोल्टांच्या खाचांत लाल भुकटी भरली होती आणि डोकी शाबूत होती. एके ठिकाणी मध्यावर फार तर दोन मिमीचा बाक आहे. संपवर लावलेला कणकेचा गोळा, आता वाळून खडखडीत झालेला, न चेपता तसाच होता.

एक गोष्ट मात्र गंभीर आढळली. सड्यावरचे गवत या दिवसांत कडकडीत वाळलेले असते आणि त्याच्या काड्या पुढच्या खाचांतून आत शिरून बेंड पाइप आणि प्लेट यांच्यामध्ये गुंता होऊन बसल्या होत्या. पाइपच्या बाजूच्या काही काड्या तपकिरी झाल्या होत्या. त्यातून वणवा लागायला वेळ लागत नाही. प्लेट जितकी जास्त झाकणारी, तितका हा धोका जास्त, आणि मोठ्या प्लेटींची तारीफ करताना याचा उल्लेख सहसा होत नाही. पाइपच्या खालच्या वळणापाशी प्लेटची बाजूची कड कापून मोकळी करायची, म्हणजे काड्या खाली पडून जातील आणि हातही आत जाईल. कोरड्या गवतातून गेल्यावर थांबलो की आधी वाकून आत पाहायचे, गाडी गवतावर उभी करायची नाही.

१२ मे

कड कापून गोल केली. तळाला १० मिमी यूएचएमडब्ल्यूच्या दोन पट्ट्या, नळ्यांच्या बरोबर खाली, काउंटरसंक बोल्टांनी बसवल्या. झीज आता त्या घेतील आणि दगडावरून गाडी सरकेलही. ग्राउंड क्लिअरन्स तेवढाच आणखी घटला. स्पितीहून आल्यावर त्या ठेवायच्या की काढायच्या ते ठरेल. सह्याद्रीपुरत्या मी त्या लावल्या नसत्या.

१ जून

वेल्ह्याकडच्या फोडलेल्या खडीवर शेवटची तपासणी झाली. बेसाल्टच्या कोपऱ्यांनी पुढच्या उभ्या भागावर लहान खळगे पाडले आहेत. सर्वांत खोल खळग्यावर डाय पेनिट्रंट मारून पाहिले, तडा नाही. खाचांच्या टोकांनाही नाही. पिवळ्या रेघा सगळ्या जुळलेल्या आहेत. बेंड पाइपजवळची जागा मोकळी आणि स्वच्छ.

९ जून

सोबतच्या साहित्यात एम८ चे जादा काउंटरसंक बोल्ट, नायलॉक नट, नायलॉन वॉशर, एक जादा आधार, ५ मिमीची ॲलन की आणि ड्रेन बोल्टचे वॉशर. प्लेट वाकून संपकडे आली तर ती उतरवून, उलटी करून, सपाट दगडावर लाकडी ओंडक्याने ठोकायची. ५०५२ एकदोनदा असे सरळ होऊ देते, त्यापुढे त्याच जागी तडकते. बोल्टांचे टॉर्क मनालीत सामान बांधून झाल्यावर आणि पुढे काझ्यात पोहोचल्यावर तपासायचे.

काकांकडे सुधारित ड्रॉइंग ठेवले आहे. त्यात बाजूची कापलेली कड, आधारांची मापे आणि रोलिंगची दिशा नोंदलेली आहे. हिमालयन ४११ वाल्या दोघांनी त्यांच्याकडे चौकशी केली, त्यांनाही प्लेट याच ड्रॉइंगवरून मिळेल. दोघेही सह्याद्रीतच चालवणारे असल्याने त्यांना तळाच्या पट्ट्या घेऊ नका असे सांगितले आहे.